खनिज तेल, सूर्य आणि शेतकऱ्याचा जमाखर्च

खनिज तेलाचा प्रश्न हा मोटारवाल्यांचा व मुत्सद्द्यांचा प्रश्न असून शेतकऱ्याचा त्याशीं संबंध काय तो ट्रॅक्टरच्या टाकीपुरता, अशी समजूत आपल्यांतील बऱ्याच जाणत्या मंडळींचीही असते. ही समजूत फार वेळ टिकण्यासारखी नाहीं. विहिरीवरचें डिझेल इंजिन, नांगरटीचा ट्रॅक्टर, बाजारास माल नेणारा टेंपो हीं तर उघड उदाहरणें झालीं; परंतु युरियाची गोणी, ठिबकच्या नळ्या, आच्छादनाचा प्लॅस्टिकचा कागद व शीतगृहांतील गारवा यांच्याही मुळाशीं जमिनीच्या पोटांतून काढलेलें तेल, वायु किंवा कोळसा हींच द्रव्यें आहेत. आतां हीं द्रव्यें सोडून जग हळूहळू सूर्य व वारा यांजकडे वळूं लागलें आहे. आपली पडीक जमीन सौर प्रकल्पास भाड्यानें द्यावी कीं नाहीं, इंजिन काढून सौर पंप बसवावा कीं काय, हे प्रश्न आमच्या पुष्कळ वाचकांच्या दाराशीं येऊन ठेपले आहेत. कागदावर सही करण्यापूर्वीं या स्थित्यंतराचा जमाखर्च आपल्या बाजूनें मांडून पाहावा, एवढ्याचसाठीं हा लेखनप्रपंच.

प्रथम जुन्या परावलंबनाचें स्वरूप पाहूं. आपल्या देशास लागणाऱ्या कच्च्या तेलापैकीं शेकडा ८५ हून अधिक तेल परदेशांतून येतें. मुंबईच्या पश्चिमेस समुद्रांत १९७४ सालीं तेल सांपडलें व १९७६ पासून तें निघूं लागलें. त्या वेळीं देशास मोठा धीर आला होता. परंतु आपली मागणी त्या क्षेत्रास कधींच मागें टाकून गेली आहे. बाहेरून येणाऱ्या तेलाचा मोठा भाग इराणच्या आखातांतून येत आला. तेथून बाहेर पडण्याची वाट म्हणजे होर्मुझची सामुद्रधुनी. ती अत्यंत अरुंद ठिकाणीं अवघी ३३ किलोमीटर रुंद आहे. २०२४ सालीं साऱ्या जगांत खपलेल्या तेलाच्या सुमारें एक पंचमांश तेल या चिंचोळ्या वाटेनें गेलें. कतारचा द्रवरूप वायुही तेथूनच बाहेर पडतो. दोन गांवांच्या शिवेवरील एकाच पाणंदीवर साऱ्या पंचक्रोशीचा माल अवलंबून असावा आणि पाणंदीच्या दोन्ही बाजूंचे भाऊबंद एकमेकांवर डूख धरून बसलेले असावे, तशांतलाच हा प्रकार.

याचे चटके आपणांस पूर्वीं बसलेले आहेत. १९७३ च्या ऑक्टोबरांत अरब राष्ट्रांनीं इस्राएलच्या युद्धामुळें तेल रोखलें, आणि पिंपास तीन डॉलरांच्या आसपास असलेला भाव १९७४ च्या जानेवारींत अकरा डॉलरांवर गेला. १९९० च्या ऑगस्टांत इराकनें कुवेत गिळंकृत केलें; तेल भडकलें, तिकडे पोटासाठीं गेलेलीं आपलीं माणसें हजारोंनीं परत आलीं, त्यांच्याकडून येणारा पैसाही आटला. देशाची परकीय चलनाची थैली आधींच हलकी होती. पुढील वर्षीं जुलै महिन्यांत रिझर्व्ह बँकेस ४७ टन सोनें बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपान यांजकडे गहाण टाकावें लागलें. त्या संकटास तेल हें एकच कारण नव्हतें हें खरें; पण पेरणीच्या तोंडावर बैल मेला म्हणजे कुणब्यास जसें घरांतील डाग मोडावें लागतें, तशी देशाची अवस्था त्या वेळीं झाली.

तिसरा चटका आपणांस कळला देखील नाहीं, म्हणून त्याविषयीं थोडें अधिक लिहितों. २०२२ च्या फेब्रुवारींत रशियानें युक्रेनवर चाल केली. युरोपांतील वायूचे भाव आकाशास भिडले. युरियाचा कच्चा माल हा वायुच असतो. वायूंतील हायड्रोजन व हवेंतील नायट्रोजन यांपासून अमोनिया व अमोनियापासून युरिया. आपल्या अलिबागजवळील थळच्या कारखान्यासारखे मोठाले कारखानेही वायूवरच चालतात, आणि खतास लागणाऱ्या वायूचा मोठा वांटा जहाजांतून येतो. असें असतांही आमच्या वाचकांस ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांसच मिळत राहिली. फरक कोणी भरला? केंद्र सरकारनें, २०२२-२३ या एका वर्षांत खतांवरील अनुदान अडीच लाख कोटी रुपयांवर गेलें. शेतकऱ्याच्या खिशास झळ लागली नाहीं, पण ज्या तिजोरींतून कालवे, गुदामें व हमीभाव यांचा खर्च व्हावयाचा त्याच तिजोरींतून ती रक्कम बाहेर गेली. गोणीवर छापलेली किंमत ही खरी किंमत नव्हे, हें ध्यानांत ठेवलें पाहिजे.

आतां नव्या व्यवस्थेकडे वळूं. तेल आणि सूर्य यांत मूळ भेद असा कीं, तेलाचें यंत्र स्वस्त व चारा महाग. सूर्याचें यंत्र महाग व चारा फुकट. पांच अश्वशक्तीच्या डिझेल इंजिनास ताशीं सुमारें एक लिटर डिझेल लागतें. लिटरचा भाव ९० रुपये व वर्षांतील काम ६०० तास धरलें, तर वर्षाचा खर्च ५४,००० रुपये. वंगण व दुरुस्ती वेगळी. तेवढ्याच शक्तीचा सौर पंप तावदानांसह सुमारें तीन लाखांस पडतो. सारी रक्कम पदरची घातली तरी साडेपांच वर्षांत ती फिटावी असा हा आडाखा आहे. पण रक्कम कर्जाऊ काढली तर शेकडा ८ दरानें पहिल्या वर्षाचें व्याजच २४,००० होतें, आणि हिशेब तितकाच लांबतो. सावकाराचा दर शेकडा २४ असेल तर व्याज ७२,००० होऊन सूर्य डिझेलपेक्षां महाग पडतो! ऊन सर्वांस सारखें मिळतें, भांडवल मिळत नाहीं. आफ्रिकेंतील ऊन-पावसाच्या देशांत हें स्थित्यंतर रेंगाळण्याचें एक मोठें कारण हेंच आहे. त्यांस परदेशांतून मिळणारें कर्ज फार महाग पडतें.

आपल्याकडे हा भांडवलाचा भार सरकारनें उचलला आहे. २०१९ सालीं मंजूर झालेली केंद्राची कुसुम योजना आणि २०२४ सालीं राज्यानें सुरू केलेली 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजना यांत शेतकऱ्यानें शेकडा १० व अनुसूचित जाति-जमातींच्या शेतकऱ्यानें शेकडा ५ एवढाच हिस्सा भरावयाचा आहे. अडीच एकरांपर्यंत तीन, पांच एकरांपर्यंत पांच आणि त्यावर साडेसात अश्वशक्तीचा पंप, असें प्रमाण ठेविलें आहे. यांत निव्वळ दानधर्म आहे असें मात्र कोणी समजूं नये. तारेवरील शेतीपंपास वीज पुरविण्याचा खर्च वीज कंपनीस शेतकऱ्याकडून वसूल होत नाहीं. २०२४ सालीं जाहीर झालेल्या योजनेनें तर साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचें बिल पांच वर्षांकरितां माफच झालें. हा तोटा दरसाल सोसण्यापेक्षां एकदाच पंप देऊन मोकळें होणें सरकारास परवडतें. हें व्यवहाराला धरूनच आहे, आणि व्यवहार म्हटला कीं दुसऱ्या पक्षानेंही आपल्या अटी पाहून घ्याव्या. पंप, मोटर व नियंत्रक यांची देखभाल पांच वर्षेंपर्यंत पुरवठादाराकडे असते. तावदानें पंचवीस वर्षें टिकतात, पण मोटर तितकी टिकत नाहीं. सहाव्या वर्षीं गांवांत दुरुस्ती करणारा कोण, हें आधीं विचारावें.

सूर्य स्वस्त कसा झाला, ही हकीगतही मनोरंजक आहे. सिलिकॉनची पहिली उपयुक्त सौरपट्टी अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९५४ सालीं तयार झाली. पुष्कळ काळ तिचा उपयोग काय तो कृत्रिम उपग्रहांस होई. २००० सालीं जर्मनीनें कायदा करून सूर्याची वीज ठरलेल्या चढ्या दरानें वीस वर्षें विकत घेण्याची हमी दिली. शेतमालास हमीभाव मिळाला म्हणजे पेरा जसा वाढतो तसा तिकडे तावदानांचा पेरा वाढला. पण तो माल करण्याचे कारखाने चीननें काढले, आणि इतके मोठे काढले कीं किंमत दरसाल ढांसळत गेली. आपल्या देशांत केंद्रीय वीज नियामक आयोगानें २०१०-११ करितां सौर विजेचा दर युनिटास १७ रुपये ९१ पैसे ठरविला होता. २०१७ सालीं राजस्थानांत भडला येथील लिलांवांत तो २ रुपये ४४ पैशांवर आणि २०२० च्या डिसेंबरांत गुजराथेंत १ रुपया ९९ पैशांवर आला. दहा वर्षांत नऊ हिश्शांनीं उतरलेली अशी वस्तु आमच्या पाहण्यांत दुसरी नाहीं.

या स्वस्ताईची दुसरी बाजू उघड आहे. वाळूसारख्या गारेपासून शुद्ध सिलिकॉन करणें, त्याच्या पातळ चकत्या कापणें, चकतीची पट्टी व पट्ट्यांचें तावदान करणें, या प्रत्येक पायरीवर जगांतील शेकडा ८० हून अधिक उत्पादन चीनच्या हातीं आहे, असें आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेनें २०२२ सालीं नमूद केलें. विजेच्या मोटारींस व पवनचक्क्यांस लागणारे लोहचुंबक ज्या दुर्मिळ मृत्तिकांपासून होतात त्यांच्या शुद्धीकरणाचेंही बहुतेक काम तेथेंच चालतें, आणि २०२५ च्या एप्रिलांत चीननें त्यांतील सात धातूंच्या निर्यातीवर परवान्याचें बंधन घातलें. आपल्या मोटार-कारखानदारांसही त्याची झळ लागली. बॅटरीचें कोबाल्ट कांगोंतून, लिथियम ऑस्ट्रेलिया व चिलींतून. मग आखाताच्या शेखाची ताबेदारी सोडून आपण चिनी कारखानदाराची पत्करली काय, असा प्रश्न कोणीही करील.

आमच्या मतें या दोन ताबेदाऱ्या एका तोलाच्या नाहींत. तेल येणें थांबलें तर महिन्या-दोन महिन्यांत इंजिन थंड पडतें. तावदानें येणें थांबलें तर नवीं बसत नाहींत, पण बसलेलीं आणखी वीस वर्षें पाणी ओढीत राहतात. एकीकडे रोजचा भाकरतुकडा दुसऱ्याच्या हातीं आहे, दुसरीकडे लोहाराचा भाता. लोहार अडून बसला तर अडचण होते, उपासमार होत नाहीं. आणि तेवढ्या अवधींत आपला भाता आपण करूं शकतों. त्याच हेतूनें केंद्र सरकारनें २०२२ च्या एप्रिलापासून परदेशी तावदानांवर शेकडा ४० व पट्ट्यांवर शेकडा २५ जकात बसविली. देशी कारखाने त्यानें उभे राहिले, हें खरें. परंतु तावदानही महागलें, आणि तो वाढावा पंप घेणाऱ्याच्या किंवा करदात्याच्या माथीं बसला. जकात कोणीतरी देतच असतो.

खतासंबंधीं एक जुनी गोष्ट येथें सांगण्याजोगी आहे. पंजाबांत नांगल येथें १९६१ सालीं जो खत-कारखाना सुरू झाला, तो भाक्राच्या विजेनें पाण्याचें पृथक्करण करून हायड्रोजन मिळवीत असे. तेल नाहीं, वायु नाहीं, कोळसा नाहीं. पुढें विजेस इतरत्र मागणी आली, खनिज इंधन स्वस्त वाटलें, आणि तोच कारखाना जळाऊ तेलाकडे व नंतर वायूकडे वळला. २०२३ च्या जानेवारींत मंजूर झालेलें हरित हायड्रोजनचें अभियान म्हणजे त्याच मार्गाचा पुन्हा शोध होय. तूर्त ही रीत वायूपेक्षां महाग पडते. गोणीवर तिचा परिणाम दिसण्यास अवकाश आहे.

सूर्यावर टीका करणारे एक गोष्ट हटकून सांगतात कीं तो सायंकाळीं मावळतो. गोष्ट खरी आहे, आणि शहरास ती फार जाचक आहे, कारण शहराचे दिवे मावळल्यावरच लागतात. २०२५ च्या मध्यास देशांतील वीजकेंद्रांच्या एकूण क्षमतेंत बिगर-खनिज साधनांचा वांटा निम्म्यावर आला, तरी प्रत्यक्ष निर्माण होणाऱ्या विजेंत कोळसाच पुष्कळ पुढें होता. क्षमता म्हणजे पेरलेलें क्षेत्र, युनिटें म्हणजे खळ्यावर आलेलें धान्य. रात्रीची गरज भागविण्यास प्रचंड बॅटऱ्या किंवा वरखालीं दोन तलाव बांधून पाणी चढविण्या-उतरविण्याचे प्रकल्प लागतात व त्यांचा खर्च वेगळा. पण शेतकऱ्याची अडचण नेमकी उलटी आहे. आपल्याकडे शेतीपंपांस पाळीपाळीनें दिवसा आठ तास किंवा रात्रीं दहा तास वीज देण्याची रीत पडली. थंडीच्या रात्रीं दोन वाजतां बॅटरी घेऊन बांधावर उभें राहणें, पायाखालीं साप, उसांत बिबट्या, हें ज्यांनीं भोगलें आहे त्यांस दिवसाच्या विजेची किंमत सांगावयास नको. पाणी देण्यास शेतकऱ्याच्या सोयीची वेळ आणि सूर्याची वेळ एकच आहे. पाणी हौदांत वा शेततळ्यांत सांठविलें म्हणजे बॅटरीही नको. २०१७ सालीं निघालेल्या मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजनेचें मर्म हेंच. गांवाजवळच्या उपकेंद्राशीं लहान सौर प्रकल्प जोडून त्यावर शेतीपंपांची वाहिनी चालवावी. राळेगण सिद्धी येथें तिचा आरंभ झाला. हीं केंद्रें गांवाजवळच असल्यामुळें वीज दुरून वाहून आणतांना होणारी गळतीही कमी होते.

परंतु या प्रकल्पांस जमीन लागते. एका मेगावॅटास सुमारें चार-पांच एकर. येथें महाराष्ट्रानें आपला इतिहास विसरूं नये. मुंबईच्या गिरण्यांस दूरच्या खाणींचा कोळसा परवडत नव्हता म्हणून टाटांनीं सह्याद्रीच्या पाण्यावर वीज काढली; १९१५ सालीं खोपोलीचें केंद्र सुरू झालें. कोळसा वांचला, गिरण्यांचा धूर कमी झाला. पण पुढच्या एका प्रकल्पासाठीं मुळशी पेट्यांतील मावळ्यांची भातखाचरें पाण्याखालीं गेलीं, आणि १९२१ सालीं सेनापति बापटांच्या पुढारीपणाखालीं त्यांस सत्याग्रह करावा लागला. धरण झालें तें झालेंच. अलीकडे, २०१८ च्या जानेवारींत, धुळें जिल्ह्यांतील एका वयोवृद्ध शेतकऱ्यानें वीजप्रकल्पास गेलेल्या जमिनीच्या तुटपुंज्या मोबदल्यापायीं मुंबईस मंत्रालयांत विष घेतलें व त्यांतच त्यांचा अंत झाला. वीज कोळशाची असो, पाण्याची असो कीं सूर्याची असो, जमीन ज्याची गेली त्यास तिचा रंग सारखाच दिसतो.

म्हणून विकण्यापेक्षां भाडेपट्टा बरा, असें आमचें स्पष्ट मत आहे. २०२३ पासूनच्या सुधारलेल्या योजनेंत हेक्टरीं वर्षास १,२५,००० रुपये भाडें व दरसाल शेकडा ३ वाढ ठेविली आहे. म्हणजे एकरीं सुमारें ५०,०००. माळावरच्या बाजरी-मटकीच्या जमिनीस हें उत्पन्न स्वप्नवत् आहे. द्राक्षाच्या किंवा केळीच्या जमिनीस तें तोट्याचें आहे, आणि अशी जमीन या कामीं देऊंच नये. शिवाय शेकडा ३ ची वाढ म्हणजे पंचवीस वर्षांत भाडें फार तर दुपटीच्या आसपास जाईल; बाजारभाव मात्र दरसाल शेकडा ६ नें चढले तर त्याच मुदतींत चौपट होतात. आजचें गलेलठ्ठ भाडें नातवाच्या वेळीं तितकें गलेलठ्ठ राहणार नाहीं. पट्ट्यांत हप्त्याची तारीख, हप्ता थकल्यास व्याज, कंपनी बदलल्यास जबाबदारी कोणाची, मुदतीनंतर खांब व काँक्रीट उपटून जमीन मोकळी कोणी करावयाची, हीं कलमें आहेत कीं नाहींत तें वकिलाकडून वाचून घ्यावें. आणखी एक. त्या माळावर आजपर्यंत जो गुरें चारीत होता त्याचें नांव सात-बाऱ्यावर नसतें व भाड्यांतही येत नाहीं.

उसाच्या मळीपासून व रसापासून होणारें मद्यार्क पेट्रोलांत मिसळणें हाही तेल वांचविण्याचाच उपाय. २०२५ सालीं हें मिश्रण शेकडा २० पर्यंत पोंचलें, व साखर कारखान्यांस त्यामुळें बरा आधार मिळाला. परंतु २०२३ च्या डिसेंबरांत पाऊसमान कमी होतांच केंद्रानें रसापासून मद्यार्क काढण्यास एकाएकीं अटकाव केला, हें ऊसवाल्यांनीं ध्यानांत ठेवावें. शिवाय त्यास लागणारें पाणी आपल्या दुष्काळी तालुक्यांचें आहे.

पाण्याची गोष्ट निघाली आहे, तर सर्वांत अवघड प्रश्नाकडे येऊं. डिझेलचा खर्च हा शेतकऱ्यास छळणारा खरा, पण तोच विहिरीचा राखणदारही होता. ताशीं ९० रुपये जळूं लागले कीं माणूस इंजिन बंद करतो. सूर्याचा पंप बंद करण्यास कांहींच कारण उरत नाहीं. ऊन आहे तोंवर तो चालतो, शेजाऱ्याची विहीर आटते, मग शेजारी आणखी खोल बोअर घेतो. खानदेशांत रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यांत भूजल किती खालीं गेलें आहे, तें तेथील वाचकांस ठाऊक आहेच. भूजलाचा कायदा राज्यानें २००९ सालीं केला आहे, पण बांधावर तो कोठें दिसत नाहीं.

यावर गुजराथेंतील खेडा जिल्ह्यांत ढुंडी या गांवीं झालेला प्रयोग अभ्यासण्याजोगा आहे. तेथें २०१६ च्या सुमारास सहा शेतकऱ्यांनीं सौर पंपवाल्यांची सहकारी मंडळी स्थापिली. त्यांचे पंप तारेस जोडले. पाणी नको असेल तेव्हां तयार होणारी वीज मंडळीमार्फत वीज कंपनीस विकावयाची. कंपनीनें पंचवीस वर्षांचा करार करून युनिटास ४ रुपये ६३ पैसे दर दिला, व सभासदांनीं त्या मुदतींत तारेवरची स्वस्त वीज मागावयाची नाहीं असें कबूल केलें. आरंभीं एका संशोधन संस्थेनें वर आणखी कांहीं बक्षीस दिलें होतें. पंप चालू ठेवून पाणी फुकट घालवावें, कीं बंद ठेवून वीज विकावी, याचा हिशेब तेथील सभासद रोज सकाळीं आभाळ पाहून स्वतःच करूं लागले. मंडळींत नंतर आणखी सभासद आले.